एक चमचा साखर

सुमारे ५ लिटर रक्त असलेल्या माणसाची साखर १०० मिलिग्रॅम प्रति डेसिलीटर आली, तर त्याच्या सगळ्या रक्तात मिळून ग्लुकोज असतं जेमतेम ५ ग्रॅम. चहाचा एक चमचा, थोडा वर भरलेला. मेंदूसकट सगळं शरीर जिच्या जिवावर चालतं, ती रक्तात फिरणारी साखर एवढीच. टाइप टू मधुमेहाबद्दल बोलताना हा चमचा डोळ्यांसमोर ठेवावा असं मला नेहमी वाटतं. तो ठेवला की पुढचं पुष्कळसं आपोआप उलगडत जातं.

आता ताटात १५० ग्रॅम शिजलेला भात घ्या. त्यात कर्बोदकं साधारण ४२ ग्रॅम, बहुतेक पिष्टाच्या रूपात. पिष्ट म्हणजे ग्लुकोजच्याच लांबलचक माळा. पचनात त्या सुटतात आणि तासा-दोन तासांत आठेक चमचे साखर आतड्यातून रक्ताकडे निघते. जिथे एक चमचा असतो तिथे आठ. निरोगी शरीर ही आवक इतक्या सफाईने मार्गी लावतं की रक्तातली पातळी सहसा १४० च्या पुढे जात नाही. स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं, यकृत स्वतःचं साखर बनवणं आवरतं घेऊन आलेली साखर साठवायला लागतं, स्नायू आपली दारं उघडतात. टाइप टू मध्ये ही साखळी ढिली पडते. स्नायू इन्सुलिनचं ऐकायला वेळ लावतात, यकृत बाहेरून आवक चालू असतानाही स्वतःकडची साखर ओतत राहतं, आणि इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी वर्षानुवर्षं जादा काम करून दमलेल्या असतात. मग तेच आठ चमचे रक्तात तासन् तास घोटाळतात.

ज्याला हा आजार झाला आहे तो बहुतेक वेळा स्वतःलाच बोल लावत असतो. गोड खाल्लं, जिभेवर ताबा ठेवला नाही, आता भोगा. हे ओझं आधी खाली ठेवायला हवं. यात अनुवंशिकता आहे, वय आहे, पोटात आणि यकृतात साठलेली चरबी आहे, झोप आहे, काही औषधं आहेत. गोडाला हात न लावणाऱ्यांनाही हा आजार होतो. आणि घरी साखर मोजणाऱ्या मीटरवरचा आकडा चांगल्या-वाईट वागणुकीचे गुण देत नाही. आलेली साखर आणि ती मार्गी लावण्याची आजची ताकद यांच्यातला फरक तो सांगतो. ती ताकद एका रात्रीत वाढवता येत नाही. आवक मात्र पुढच्या जेवणापासून कमी करता येते. कमी कर्बोदकांच्या आहाराचं सगळं बळ या एका गोष्टीत आहे.

ही कल्पना आजकालची नाही. जॉन रोलो या लष्करी शल्यचिकित्सकाने १७९७ मध्येच धान्य आणि भाज्या जवळजवळ बंद करून मांसाहारावर ठेवलेल्या मधुमेही रुग्णाची हकिगत छापली होती. १८७०-७१ मध्ये पॅरिसला वेढा पडला, अन्नाची टंचाई झाली, आणि तिथल्या बूशार्दा या वैद्याच्या लक्षात आलं की त्याच्या रुग्णांच्या लघवीतली साखर घटली आहे. पिष्ट आणि साखर कमी, हिरव्या भाज्या भरपूर, अंगमेहनत भरपूर असा सल्ला तो देत असे. १९२१ मध्ये टोरोंटोत इन्सुलिन सापडलं, १९२२ च्या जानेवारीत ते पहिल्यांदा माणसाला टोचलं गेलं, आणि आहाराचं हे शहाणपण हळूहळू मागे पडलं. तेव्हा ते समजण्यासारखं होतं, कारण ज्यांच्या अंगात इन्सुलिनच उरलं नव्हतं त्यांना आहार वाचवू शकत नव्हता आणि सुईने वाचवलं. टाइप टू ची गोष्ट वेगळी. इथे इन्सुलिन असतं, पण पुरत नाही. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने २०१९ च्या आहारविषयक अहवालात स्पष्ट म्हटलं की साखर ताब्यात आणण्यासाठी एकूण कर्बोदकं कमी करणं या उपायामागे सर्वांत जास्त पुरावा आहे.

ताटाला हात लावण्याआधी मात्र औषधांचं पाकीट काढून समोर ठेवा. हा परिच्छेद कोणी ओलांडून पुढे जाऊ नये. तुम्ही इन्सुलिन घेत असाल, किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारखी गोळी घेत असाल, तर तिचा डोस तुमच्या जुन्या ताटाच्या मापाने ठरवलेला आहे. ताटातली कर्बोदकं निम्मी केली आणि डोस तोच राहिला, तर साखर ७० च्या खाली घसरू शकते. हात थरथरणं, घाम, छातीत धडधड, अचानक प्रचंड भूक, बोलण्यात गोंधळ ही तिची लक्षणं. अशा वेळी १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून घ्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं, अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढीच. चॉकलेट इथे कामाचं नाही, त्यातल्या चरबीमुळे साखर उशिरा रक्तात येते. आणि कर्बोदकांचं पचन लांबवणारी अकार्बोज ही गोळी घेणाऱ्यांना साधी साखरही लवकर लागू पडत नाही, त्यांनी ग्लुकोजच जवळ ठेवावं.

दुसरा गट डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन यांचा. ही औषधं लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. त्यांच्यासोबत कर्बोदकं फार खाली आणली तर रक्त आम्लयुक्त होण्याचा, म्हणजे कीटोअॅसिडोसिसचा धोका असतो, आणि त्याची वाईट खोड अशी की तेव्हा मीटरवर साखर जवळजवळ ठीक दिसू शकते. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप लागणं यांपैकी काही झालं तर मीटरच्या भरवशावर घरी बसायचं नाही, दवाखाना गाठायचा. तिसरी गोष्ट रक्तदाबाच्या गोळ्यांची. इन्सुलिनची पातळी उतरली की मूत्रपिंडं मीठ आणि पाणी जास्त बाहेर सोडतात, रक्तदाब खाली येतो, आणि जुनाच डोस चालू राहिला तर उठून उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येते. रक्त गोठू न देणारं वॉरफरिन घेणाऱ्यांनी पालेभाज्या एकदम दुप्पट करू नयेत, त्यातलं के जीवनसत्त्व औषधाचा हिशेब बिघडवतं. एकटं मेटफॉर्मिन असेल तर साखर घसरण्याची भीती फारशी नसते.

म्हणून डॉक्टरांना आधी सांगा आणि नेमक्या शब्दांत सांगा: "मी अमुक तारखेपासून दिवसाची कर्बोदकं इतक्या ग्रॅमवर आणणार आहे, यातल्या कोणत्या गोळीचा डोस पहिल्या दिवशीच कमी करायचा?" नुसतं "मी पथ्य करणार आहे" म्हटलं तर त्यातून काहीच कळत नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, मूत्रपिंडाचा पुढच्या टप्प्यातला आजार असलेले, खाण्याशी संबंधित मानसिक आजारातून गेलेले लोक यांनी हा मार्ग एकट्याने धरू नये. आणि अंगाने सडपातळ असूनही साखर गोळ्यांना दाद देत नसेल, वजन आपोआप घटत असेल, तर तो खरंच टाइप टू आहे ना हे सी-पेप्टाइड (शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतं ते यातून कळतं) आणि बीटा पेशींवर उलटणाऱ्या अँटिबॉडी तपासून घ्यावं.

आता प्रश्न, कमी म्हणजे किती? दिवसाला १३० ग्रॅमच्या खाली कर्बोदकं असली की त्याला साधारणपणे कमी कर्बोदकांचा आहार म्हणतात. २० ते ५० ग्रॅम म्हणजे अतिशय कमी, कीटोजेनिक, ज्यात शरीर मुख्यतः चरबीवर चालू लागतं. रोजच्या सवयीच्या जेवणात २०० ते ३०० ग्रॅम सहज जातात. माझं मत विचाराल तर पहिल्याच दिवशी ३० ग्रॅमवर उडी मारणाऱ्यापेक्षा १०० ते १३० वर येऊन तिथे तीन महिने टिकणारा पुढे असतो. जेवणागणिक ३० ते ४० ग्रॅम, इतका साधा हिशेब पुरतो. सुरुवात न्याहारीपासून करा. पहाटे शरीर कॉर्टिसोलसारखी संप्रेरकं सोडतं, त्यामुळे सकाळी इन्सुलिनचा प्रभाव सर्वांत कमी असतो. तेच धान्य, तेवढंच, दुपारी जितकी साखर चढवतं त्याहून सकाळी जास्त चढवतं. पाव किंवा ओट्सच्या जागी दोन-तीन अंडी आणि भाजी, किंवा घट्ट दही आणि मूठभर बदाम आले, तर दिवसातला सगळ्यात उंच चढ तिथेच मोडतो.

एक वजनकाटा घ्या, स्वयंपाकघरातला, ग्रॅम दाखवणारा. आयुष्यभर तोलत बसायचं नाही, पहिले दोन आठवडे पुरेत. रिकामा वाडगा ठेवून काटा शून्यावर आणा, मग नेहमी घेता तेवढा भात त्यात घाला, अंदाज न करता. आकडा १८०, २०० च्या पुढे गेलेला पाहून बरेच जण गप्प होतात. शिजलेल्या भातात १०० ग्रॅमला सुमारे २८ ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे २०० ग्रॅमला ५६. आता भात काढत काढत ५० ग्रॅमवर या. वाडग्याच्या तळाशी जेमतेम पसरेल एवढा तो उरतो, १४ ग्रॅम कर्बोदकांचा. त्याच्याकडे नीट पाहून घ्या, वाडग्याच्या कुठल्या रेघेपर्यंत आला ते लक्षात ठेवा. पुढे काट्याची गरज त्या रेघेनेच भागते.

कर्बोदकांचे काही आकडे तोंडपाठ असावेत. गव्हाच्या पिठात १०० ग्रॅमला ७० च्या आसपास, उकडलेल्या बटाट्यात १८ ते २०, मध्यम केळ्यात २७, मध्यम सफरचंदात २५, ग्लासभर म्हणजे २०० मिलिलिटर दुधात १० ग्रॅम. शिजलेल्या १०० ग्रॅम मसुरात २०, त्यातले ८ तंतू, म्हणजे रक्तात येणारे १२. पालक, कोबी, फुलकोबी, काकडी, वांगं, भेंडी, टोमॅटो यांत १०० ग्रॅमला ३ ते ७, त्यातही बराच भाग तंतूंचा. वाटाणा आणि मका भाजीच्या टोपलीत बसत असले तरी हिशेबात ते धान्याच्या शेजारी बसतात. अंड्यात, मासळीत, चिकनमध्ये नसल्यात जमा.

इथे सगळ्यात जास्त लोक घसरतात, आणि घसरण्याचं कारण जिभेत नसतं. ताटातून धान्य निम्मं काढलं जातं, पण त्या जागी काहीच येत नाही. दोन दिवस उत्साह पोट भरतो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी भूक खवळते आणि हाताला जे पहिलं लागतं ते खाल्लं जातं, आणि ते बहुधा बिस्किट असतं. मग माणूस म्हणतो, हे मला जमणारं नाही. अहो, उपाशी ठेवलेलं कोणालाच जमत नाही. धान्य जितकं खाली आणाल तितकी भाजी आणि प्रथिनं वर न्यायला हवीत. अर्धं ताट पिष्ट नसलेल्या भाज्यांनी भरा, पाव ताटाहून थोडं जास्त प्रथिनांनी, उरलेल्या कोपऱ्यात धान्य. भाजीत तेल पुरेसं असू द्या, कारण कर्बोदकंही नाहीत आणि चरबीही नाही असं ताट कोणी महिनाभर खाऊ शकत नाही. प्रथिनांचं माप वजनाच्या दर किलोला १ ते १.२ ग्रॅम धरा. ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. एका अंड्यात ६, शिजलेल्या १०० ग्रॅम चिकनमध्ये २७-३०, मासळीत २० ते २५, वाडगाभर दह्यात ७. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हे माप डॉक्टरच ठरवतील.

शाकाहारी माणसाची अडचण खरी आहे, ती झटकून टाकू नये. कडधान्यात प्रथिनं आणि कर्बोदकं जोडीने येतात: १०० ग्रॅम शिजलेल्या मसुरात ९ ग्रॅम प्रथिनं मिळतात, पण १२ ग्रॅम कर्बोदकंही घ्यावी लागतात. मार्ग आहे. एका जेवणात धान्य किंवा कडधान्य, दोन्ही नाही. प्रथिनांचा मोठा वाटा टोफू, चीज, घट्ट दही, सोयाबीन, शेंगदाणे, बदाम, अंडी चालत असतील तर अंडी यांच्यावर टाका. काजू मात्र मोजून, त्यात १०० ग्रॅमला ३० ग्रॅम कर्बोदकं आहेत. अशा आहारात दिवसाला ३० ग्रॅमवर येणं अवघड, पण १०० ग्रॅमवर येणं अजिबात अवघड नाही, आणि साखरेत फरक पडायला तेवढं पुरतं.

फसवणाऱ्या गोष्टींबद्दल थोडक्यात. मध नैसर्गिक आहे, पण त्यात १०० ग्रॅमला ८२ ग्रॅम कर्बोदकं आहेत. ब्राउन राइसमध्ये तंतू थोडे जास्त, कर्बोदकं जवळजवळ तितकीच. फळाचा रस म्हणजे तंतू काढून टाकलेलं फळ. "शुगर फ्री" लिहिलेलं बिस्किट मैद्याचं किंवा कणकेचंच असतं, निम्म्याहून जास्त कर्बोदकांचं, तेव्हा पाकिटावर "साखर" ही ओळ न वाचता "एकूण कर्बोदकं" ही ओळ वाचा, आणि तो आकडा १०० ग्रॅमचा आहे की एका बिस्किटाचा तेही पाहा. भात शिजवून थंड केला की साखर कमी चढते हे खरं आहे, पण फरक थोडा असतो. त्या जोरावर दुप्पट भात घेतला तर फायदा गेलाच, वर तोटा.

आता मीटर. बरेच जण त्याच्याकडे परीक्षेच्या निकालासारखं बघतात, म्हणून आठवड्यातून एकदा उपाशीपोटी तपासतात आणि वही बंद करतात. त्या एका आकड्यातून ताटाबद्दल काहीच कळत नाही. जोडीने तपासा. पहिला घास घेण्याआधी एकदा, आणि त्या पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी दुसऱ्यांदा. हात आधी साबणाने धुऊन कोरडे करा. नुकतंच फळ सोललेलं असेल तर बोटावरच्या रसाने आकडा भलताच चढतो, आणि ओल्या बोटावर थेंब पातळ होऊन तो खोटा उतरतो. सुई बोटाच्या मधोमध टोचू नका, तिथे वेदनेच्या नसा दाट असतात. नखाच्या कडेला, बाजूला टोचा. हात खाली लोंबता धरला की थेंब आपसूक फुगतो, बोट पिळावं लागत नाही. पट्टीचं टोक थेंबाला नुसतं टेकवायचं, रक्त ती स्वतः ओढून घेते. डबीचं झाकण लगेच घट्ट लावा, दमट हवेने पट्ट्या बिघडतात.

समजा जेवणाआधी ११८ आणि दोन तासांनी १९६ आले. चढ ७८. दुसऱ्या दिवशी तेच जेवण घ्या, पण भात निम्मा, भाजी आणि प्रथिनं आधी खाऊन भात शेवटी, आणि जेवल्यावर पंधरा मिनिटं चालणं. आता १२१ वरून १५८ आले तर चढ ३७. या दोन ओळी वहीत शेजारी शेजारी लिहिल्या की कोणाच्या उपदेशाची गरज उरत नाही. खाण्याचा क्रम बदलल्याने चढ खरोखर कमी होतो, कारण तंतू, प्रथिनं आणि चरबी पोटातून पुढे जाण्याचा वेग कमी करतात. चालण्याचं काम तर याहून सुंदर आहे. आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहता रक्तातलं ग्लुकोज आत ओढतो. ज्याच्या इन्सुलिनचं शरीर ऐकत नाही, त्याच्यासाठी हा दुसरा दरवाजा उघडाच आहे, आणि तो जेवणानंतर पहिल्या तासात वापरला तर सर्वांत उपयोगी पडतो.

जेवणाआधी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या खाली, हे बहुतेक प्रौढांसाठी धरलं जाणारं लक्ष्य. वय, इतर आजार, साखर घसरण्याचा धोका पाहून डॉक्टर ते बदलू शकतात. मीटरमध्ये १५ टक्क्यांपर्यंत फरक मान्य असतो. १५० दाखवणारा मीटर म्हणजे खरी साखर १२८ ते १७२ मध्ये कुठेही. त्यामुळे १४२ आणि १५१ यांत शोधाशोध करू नका, ते एकच आहेत. आणि खूप तेलकट, चिजाचं, पिष्टाचंही जेवण असेल तर दोन तासांचा आकडा गोड बोलतो, खरा चढ तीन-चार तासांनी येतो. अशा जेवणानंतर एकदा चार तासांनीही तपासून पाहा.

पहिल्या आठवड्यात शरीर थोडं कुरकुरतं. यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर एका ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून असते. साठा उतरला की ते पाणी निघून जातं, वजन किलो-दोन किलोने पटकन घटतं, आणि पाण्याबरोबर मीठही जातं. डोकं दुखणं, गळून गेल्यासारखं वाटणं, पायात गोळे येणं याचं कारण बहुतेक वेळा हेच. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार नसेल तर दिवसातून एकदा भाजीचं किंवा हाडांचं खारट सूप आणि पुरेसं पाणी, एवढ्याने दोन दिवसांत बरं वाटतं. हे आजार असतील तर मिठाचं विचारून ठरवा. बद्धकोष्ठ झालं तर भाजी कमी पडते आहे असं समजा. नजर थोडे दिवस धूसर होऊ शकते, कारण साखर उतरल्यावर डोळ्यातल्या भिंगाचं पाणी बदलतं. नवा चष्मा करायची घाई नको, महिना-दीड महिना थांबा. पण डोळ्यांच्या पडद्याची तपासणी सुरुवातीलाच करून घ्या. पडद्यावर आधीपासून मधुमेहाचे परिणाम असतील तर साखर फार झपाट्याने उतरल्याने ते तात्पुरते वाढू शकतात, आणि डॉक्टरांना ते माहीत असलेलं बरं.

सकाळची उपाशीपोटीची साखर सगळ्यात शेवटी वळते. जेवणानंतरचे आकडे आठवड्यात सुधारलेले असतात, आणि सकाळी मात्र मीटर १४५ दाखवतो. रात्री काही खाल्लं नव्हतं, मग ही साखर आली कुठून? यकृताकडून. पहाटे तीन ते आठच्या दरम्यान ते तुम्हाला जागं करण्यासाठी साखर सोडतं, आणि अजून ते इन्सुलिनचं नीट ऐकत नाही. यात तुमचा दोष नाही आणि तुमचा आहार फसलेला नाही. यकृतातली चरबी उतरायला आठवडे लागतात. रात्रीचं जेवण लवकर आणि हलकं केलं, जेवल्यावर चाललात, तर हा आकडाही हळूहळू खाली सरकतो. या एका आकड्यापायी हिंमत हरून चांगला चाललेला आहार सोडू नका, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

तीन महिन्यांनी एचबीएवनसी ही रक्तचाचणी करा. लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि त्यांच्यावर साखर चिकटत जाते, म्हणून ही चाचणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. ९ टक्के म्हणजे सरासरी सुमारे २१२, ८ म्हणजे १८३, ७ म्हणजे १५४, ६ म्हणजे १२६. ९ वरून ७.८ वर आलेला माणूस अजून "नॉर्मल नाही" म्हणून खट्टू होतो, पण त्याच्या डोळ्यांवरून, मूत्रपिंडांवरून, पायांच्या नसांवरून चोवीस तास वाहणारा भार केवढा उतरला आहे. लोह कमी असल्याने पंडुरोग असेल तर ही चाचणी खोटी जास्त दाखवू शकते, आणि लाल पेशी लवकर मरण्याचा आजार असेल तर खोटी कमी. वहीतले आकडे आणि चाचणी जुळत नसतील तर हिमोग्लोबिन बघा. त्याच वेळी रक्तातली चरबी तपासा. ट्रायग्लिसराइड्स बहुधा उतरलेली दिसतात, पण काही जणांचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, चढतं. तसं झालं तर लोणी, मलई, चीज कमी करून त्या जागी शेंगदाणे, बदाम, मासळी, वनस्पती तेलं आणावीत.

मधुमेह मुळातून जातो का, हे सगळेच विचारतात. औषधं बंद केल्यावर निदान तीन महिने एचबीएवनसी ६.५ टक्क्यांच्या खाली राहिलं तर त्याला उपशम म्हणायचं, असं २०२१ मध्ये तज्ज्ञांनी ठरवलं. ब्रिटनमध्ये झालेल्या डायरेक्ट नावाच्या अभ्यासात, २०१७ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार, वर्षभरानंतर ४६ टक्के लोक उपशमात होते आणि १५ किलो किंवा जास्त वजन घटवलेल्यांत हे प्रमाण ८६ टक्के होतं. तो अभ्यास अतिशय कमी उष्मांकांच्या आहाराचा होता, कर्बोदकांच्या हिशेबाचा नव्हता, हे लपवू नये. त्यातून कळतं ते हे की वजन जास्त असेल तर ते उतरवणं फार मोलाचं, आणि कमी कर्बोदकांच्या ताटाने भूक आवरते म्हणून ते अनेकांना सोपं जातं. निदान नवं असताना शक्यता जास्त. वीस वर्षं जुना आजार असेल तर सगळ्या गोळ्या सुटतीलच असं नाही, पण इन्सुलिनचे युनिट कमी होणं, साखरेचे चढउतार शांत होणं यालाही आयुष्यात मोठी किंमत आहे. या आहारावरच्या अभ्यासांत सहा महिन्यांना दिसणारा फायदा वर्षाला विरळ होतो, त्याचं एक मोठं कारण म्हणजे धान्य हळूहळू ताटात परत येतं. म्हणून दर तीन महिन्यांनी एक आठवडा वजनकाटा पुन्हा बाहेर काढा. वाडग्यातली रेघ आपल्या नकळत वर सरकलेली असते.

आणि एखाद्या दिवशी लग्नात, प्रवासात, किंवा नुसतंच मन थकलं म्हणून भरपूर खाल्लं जाईल. मीटर २४० दाखवेल. दुसऱ्या दिवशी उपास करून ते फेडायला जाऊ नका, विशेषतः इन्सुलिन किंवा साखर घसरवणाऱ्या गोळ्या घेत असाल तर मुळीच नको. पाणी प्या, वीस मिनिटं चाला, झोपा. सकाळी दोन अंडी किंवा दह्याचा वाडगा, भाजी भरपूर, औषध नेहमीच्या वेळी. वहीत काल रात्रीचे २४० खरे लिहा, खाली आजच्या न्याहारीचे दोन आकडे लिहा, आणि दुपारच्या जेवणासाठी वाडगा काढा.